परक्याचं सुतक, शाम्पूचा विनोद

विनोद जुना आहे आणि चवीला वाईट आहे, पण पुढचं सगळं समजावून सांगायला तोच हाताशी हवा. प्रश्न असा : अमक्याच्या डोक्यात कोंडा होता, हे कशावरून? उत्तर : त्याचे ‘हेड अँड शोल्डर्स’ किनाऱ्यावर सापडले, त्यावरून. किराणा दुकानाच्या दारात ज्याच्या पुड्यांची माळ लटकलेली असते तोच हा शाम्पू. त्याच्या नावाचा अर्थ डोकं आणि खांदे. अमका स्फोटात गेला, एवढं ऐकणाऱ्याला ठाऊक असलं की काम झालं.

१९७९ साली हा अमका म्हणजे लॉर्ड माउंटबॅटन होते. २७ ऑगस्टला आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरल्या मुलाघमोर या छोट्या बंदरातून ते कुटुंबासह शेवंडांचे सापळे काढायला बोटीने निघाले. आयरिश रिपब्लिकन आर्मीने बोटीत बॉम्ब दडवला होता. माउंटबॅटन गेले, त्यांचा चौदा वर्षांचा नातू गेला, बोटीवर मदतीला आलेला पंधरा वर्षांचा स्थानिक पोरगा गेला, आणि जखमी झालेल्या ८३ वर्षांच्या एक आजी दुसऱ्या दिवशी गेल्या. आपल्या शेवटच्या व्हाइसरॉयसाठी भारत सरकारने सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला. इकडे सरकारी इमारतींवरचे झेंडे अर्ध्यावर उतरले आणि तिकडे ब्रिटनमध्ये कोंड्याचा विनोद पबांतून फिरू लागला.

१९८२ मध्ये व्हिक मॉरो हा अमेरिकी नट चित्रीकरणाच्या वेळी हेलिकॉप्टर कोसळून मेला. विनोद अटलांटिक ओलांडून त्याच्या नावावर चढला. १९८६ मध्ये तो चॅलेंजर यानातल्या शिक्षिकेच्या वाट्याला आला. १९९७ मध्ये डायनाच्या नावाने तो पुन्हा निघाला तेव्हा किनाऱ्याच्या जागी मोटारीचा डॅशबोर्ड आला होता. अठरा वर्षं, चार मृत, विनोद एकच.

मेलेल्या माणसावर हसणारे लोक बघितले की आपण लगेच त्यांच्या काळजाची चौकशी करायला लागतो. पण चार वेगवेगळ्या माणसांच्या मरणाला एकच विनोद फिट बसत असेल, तर तो त्या माणसांबद्दल नसणार. मॉरो आणि माउंटबॅटन यांच्यात सारखं काय होतं? दोघांचंही मरण लोकांना एकाच वाटेने कळलं, ते म्हणजे टीव्हीवर, जिथे एरवी मधे मधे जाहिरातीही चालतात. विनोदात शाम्पू कुठून आला, याचं उत्तर बहुधा तिथेच आहे. तिथवर जायचं तर आधी शोकाचं यंत्र कसं चालतं ते बघायला हवं, कारण विनोद त्याच्या मागून येतो.

ज्याला आपण कधी भेटलो नाही, ज्याला आपण जगात आहोत हेही ठाऊक नव्हतं, त्याच्यासाठी घशात आवंढा का येतो? १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी याच्या उत्तराचा पाया घातला. टीव्हीवरचा निवेदक थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्या डोळ्यांत बघून बोलतो, रोज ठरल्या वेळी घरात येतो, आणि प्रेक्षकाच्या मनात एक एकतर्फी ओळख तयार होते, असं त्यांचं म्हणणं होतं. मालिकेतल्या खाष्ट सासूचं काम करणाऱ्या नटीला बाजारात गाठून झापणाऱ्या काकू आपण सगळ्यांनीच पाहिल्या किंवा ऐकल्या आहेत. त्या काकू वेड्या नाहीत. ओळख खरी आहे, फक्त तिचं दुसरं टोक कुठे बांधलेलं नाही.

चॅलेंजरच्या बाबतीत ही ओळख मुद्दाम घडवलेली होती. क्रिस्टा मॅकऑलिफ या न्यू हॅम्पशायरमधल्या शिक्षिका अकरा हजारांहून जास्त अर्जदार शिक्षकांतून निवडल्या गेल्या होत्या, आणि अंतराळातून मुलांना दोन पाठ देणार होत्या. त्यासाठी नासाने देशभरच्या शाळांना उपग्रहावरून थेट प्रक्षेपणाची सोय करून दिली होती. २८ जानेवारी १९८६ च्या त्या कडाक्याच्या थंडीच्या सकाळी यान उडालं आणि ७३ सेकंदांत फुटलं. उजव्या बाजूच्या रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीने ताठरली होती. वर्गावर्गांतून टीव्हीसमोर बसलेल्या पोरांना सातांतल्या सहा अंतराळवीरांची नावंही धड ठाऊक नसतील, पण सातव्या ‘आपल्या बाई’ होत्या.

ओळखीनंतर येते ती पुनरावृत्ती. आकाशात दोन फाटे फुटलेला तो पांढरा धूर त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस दाखवत राहिले. घरातलं माणूस गेलं की तो क्षण एकदाच घडतो आणि त्यानंतर घर कामाला लागतं : भटजी, लाकडं, फोन, पाहुण्यांचा चहा. परक्याच्या मरणात आपल्याला काही कामच नसतं, नुसतं बघायचं असतं. मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून लोक फुलं घेऊन निघतात, मेणबत्त्या लावतात, वहीत सह्या करतात.

३१ ऑगस्ट १९९७ ला पॅरिसच्या बोगद्यात डायना गेली, त्यानंतरच्या आठवड्यात लंडनने हे काम अवाढव्य प्रमाणावर केलं. केन्सिंग्टन पॅलेससमोर सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या पुष्पगुच्छांचा समुद्र झाला. सेंट जेम्स पॅलेसमध्ये शोकसंदेशासाठी आधी मोजक्या वह्या ठेवल्या होत्या, पण रांगा कित्येक तासांच्या झाल्यावर वह्या चाळीसच्या वर न्याव्या लागल्या. रांगेत उभं राहणं हाच शोकाचा विधी झाला होता. अनोळखी माणसं एकमेकांना थर्मासमधला चहा देत होती, आणि पंढरीच्या दर्शनबारीत उभं राहिलेल्या कुणालाही ते समजायला अवघड नाही.

इथवर सगळं मायेचं होतं. पण शोक जमला की तो हजेरी घ्यायला लागतो, आणि या टप्प्याकडे लोक सहसा काणाडोळा करतात. बकिंगहॅम पॅलेसवर झेंडा अर्ध्यावर का नाही, असा गिल्ला झाला. तिथे तेव्हा फक्त राणीचा ध्वज लागत असे, तोही राणी राजवाड्यात असली तर, आणि तो कधीच अर्ध्यावर आणत नसत, ही जुनी रीत होती. राणी बाल्मोरलला होती, सबब काठी रिकामी होती. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानांवर राणीला जवळजवळ दटावलंच : दुःख दाखवा. शेवटी ५ सप्टेंबरला राणी लंडनला आली, संध्याकाळी टीव्हीवरून थेट बोलली, आणि ६ तारखेला अंत्ययात्रेच्या दिवशी युनियन जॅक अर्ध्यावर लागला. डायनाच्या दोन मुलांची आजी नातवंडांना घेऊन घरात बसली होती, हे शोकाला पुरेसं वाटलं नाही. दुःख असणं वेगळं आणि दिसणं वेगळं, आणि परक्यांच्या बाजारात दिसण्यालाच भाव.

याची मराठी आवृत्ती चौकाचौकांत टांगलेली असते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स, त्यात मधोमध दिवंगत नेत्याचा किंवा गायिकेचा फोटो, आणि खाली-वर शोकाकुलांचे फोटो. शोकाकुल म्हणजे वॉर्डातले भावी नगरसेवक. बारकाईने पाहिलं तर काही फ्लेक्सवर शोकाकुलाचा चेहरा दिवंगतापेक्षा मोठा असतो, गॉगलसकट.

आता विनोदाकडे येऊ. चॅलेंजर फुटल्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेत विनोदांची लाट आली. नासा या आद्याक्षरांचा नवा अर्थ लावणारे, शीतपेयांच्या नि बिअरच्या जाहिरातींवर बेतलेले, आणि अर्थात आपला कोंडा. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ते चक्क गोळा केले. विद्यापीठांत विद्यार्थ्यांना विचारून, कुणाकडून ऐकला, कधी ऐकला, असं टिपून ठेवलं. विली स्मिथ, एलिझाबेथ सायमन्स, बिल एलिस, एलिअट ओरिंग ही त्यांतली नावं. ओव्या आणि उखाणे गोळा करणाऱ्या माणसाने शौचालयातल्या भिंतीवरचं साहित्यही त्याच शिस्तीने उतरवून घ्यावं, हा त्या मंडळींचा बाणा मला फार आवडतो.

असे विनोद का होतात, याचं तयार उत्तर म्हणजे ‘दुःख हलकं करायला’. या उत्तराच्या मुळाशी फ्रॉइड आहे. १९२७ च्या विनोदावरच्या निबंधात तो सोमवारी फाशीला निघालेल्या कैद्याचं उदाहरण देतो, ज्याला आठवड्याची सुरुवात झकास झाल्यासारखी वाटते. नाझींच्या ताब्यातल्या चेकोस्लोव्हाकियातल्या लोकांच्या विनोदाबद्दल अँटोनिन ओब्रडलिक यांनी १९४२ मध्ये लिहिलं, तेही याच धर्तीचं : दाबलेल्यांना तग धरायला विनोद उपयोगी पडतो. अपघात विभागातल्या नर्स, अग्निशमन दलाचे जवान, शवविच्छेदनाच्या खोलीतले कर्मचारी आपसात जे बोलतात, तेही याच खात्यात घाला. हे सगळं खरं आहे, पण शाम्पूच्या विनोदाला लागू होत नाही. फाशी जाणारा स्वतः बोलत होता. नर्सच्या हाताला रक्त लागलेलं असतं. ओहायोतल्या वसतिगृहात चॅलेंजरवर विनोद सांगणाऱ्या पोराच्या गळ्यात कसलाही फास नव्हता. तो प्रेक्षक होता. प्रेक्षकाच्या विनोदाला फासावरच्या माणसाच्या विनोदाची इज्जत देऊन टाकणं, ही या विषयावरच्या लिखाणातली नेहमीची लबाडी आहे.

ओरिंगने १९८७ साली वेगळा रस्ता धरला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, हे विनोद दुर्घटनेला उत्तर देत नाहीत, दुर्घटनेच्या बातमीला देतात. टीव्हीवर काय चालतं ते बघा. निवेदक गंभीर चेहऱ्याने शब्दांपलीकडच्या दुःखाबद्दल बोलत असतो, मृतांच्या आईबापांच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखलेला असतो, आणि दुसऱ्या मिनिटाला केस झटकणारी बाई शाम्पूचा गुण सांगत असते. मग पुन्हा दुःख, मग बिअर, आणि पुन्हा दुःख. हा जोड टीव्हीने आधीच लावून ठेवला आहे, फक्त त्याबद्दल कुणी बोलायचं नाही असा संकेत आहे. विनोद सांगणारा एवढंच करतो की, मधली शिवण उसवून प्रेत आणि शाम्पू एका वाक्यात आणतो. तो विनोद शाम्पूचा का, बिअरचा का, शीतपेयाचा का, हे या एकाच खुलाशाने सुटतं. दुःख हलकं करण्यासाठी म्हणावं तर शाम्पूच का लागावा, याला दुसऱ्या कुठल्या उपपत्तीकडे उत्तर नाही.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ख्रिस्ती डेव्हिस यांनी डायनावरचे विनोद गोळा करून तेच सूत्र पुढे नेलं. अशा विनोदांच्या लाटा टीव्हीच्या जमान्यातल्या आहेत, आणि लोकांना काय वाटायला हवं हे वरून सांगितलं जातं त्याला दिलेला तो उलटा जबाब आहे, असं त्यांचं प्रतिपादन. राणीला दुःख दाखवायला लावणारा आठवडाच विनोदांचाही आठवडा असावा, हा योगायोग नव्हे.

आपल्याकडे तर टीव्ही इतका पुढे गेला की विनोद करणाऱ्याला काम उरलं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रीदेवी दुबईच्या हॉटेलात गेली, आणि दोन दिवसांत काही वाहिन्यांनी स्टुडिओत बाथटब आणला. एक वार्ताहर तर माणूस त्यात कसा बुडू शकतो हे दाखवायला स्वतः आत उतरला. तिच्या गाण्यांवर वाढलेली माझ्या वयाची माणसं त्या रात्री आधी हळहळली आणि मग बाथटबमधला वार्ताहर बघून फसकन हसली. हसू श्रीदेवीला होतं असं कुणी म्हणेल काय?

काळाचा हिशेब वेगळा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा गिल्बर्ट गॉटफ्रीड या विनोदवीराने न्यूयॉर्कमध्ये एका जेवणाच्या कार्यक्रमात, आपलं विमान वाटेत एम्पायर स्टेट बिल्डिंगला थांबणार आहे, अशा अर्थाची एक ओळ टाकली. सभागृह सुन्न झालं, लोकांनी हुर्यो केली, आणि ‘फार लवकर’ असं कुणीतरी ओरडलं. पण त्याच आठवड्यात ‘द अनियन’ या व्यंगपत्राचा हल्ल्यावरचा विशेषांक निघाला होता आणि लोकांनी तो जपून ठेवला. त्यातल्या एका बातमीतली बाई, दुसरं काय करावं ते न सुचून, अमेरिकी झेंड्याचा केक भाजत असते. काळ तोच, शहर तेच. गॉटफ्रीड इमारतीवर बोलत होता, अनियनने टीव्हीसमोर रिकाम्या हाताने बसलेल्या वाचकालाच चिमटा काढला, आणि त्या चिमट्यात मायाही होती.

पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांची उपपत्ती इथे कामी येते. काहीतरी बिघडलेलं असावं, पण ते आपल्याला इजा करणार नाही असंही त्याच वेळी वाटावं, तर हसू येतं. यातलं एक जरी नसलं तरी विनोद पडतो. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी चक्रीवादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा त्यांनी वादळावरचे काही विनोद लोकांना वेगवेगळ्या दिवशी दाखवून ते किती मजेदार वाटतात ते विचारलं. वादळ यायच्या आधी ते बरे वाटत होते. नुकसान कळल्यावर ते नकोसे झाले, मग हळूहळू चढत जाऊन ३६ व्या दिवशी सर्वांत मजेदार ठरले, आणि ९९ व्या दिवशी पुन्हा बेचव. म्हणजे ‘फार लवकर’ असतं तसं ‘फार उशिरा’ही असतं.

पण काळ हे अंतराचं एकच माप झालं, आणि ते नेहमी खरं ठरत नाही. १८ जून २०२३ ला टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली टायटन ही पाणबुडी बेपत्ता झाली. आत पाच जण होते, तिकीट अडीच लाख डॉलरचं. ९६ तासांचा प्राणवायू आहे असं सांगून वाहिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात उलटं घड्याळ लावलं. आणि विनोद त्या घड्याळाच्या सोबतीनेच सुरू झाले. माणसं मेली हे ठरायच्याही आधी. फार लवकर असं म्हणायची सोयच नव्हती. इथे अंतर पैशाचं होतं. पाणबुडी चालवायला व्हिडिओ गेमचा हातातला कंट्रोलर वापरला होता, आणि सुरक्षेचा अतिरेक म्हणजे निव्वळ नासाडी अशा अर्थाचं कंपनीच्या प्रमुखाचं बोलणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं होतं. तोही त्याच पाणबुडीत होता.

यातले बरेच विनोद कोंड्याच्या विनोदापेक्षा वेगळ्या जातीचे आहेत, हे ओळखायला सोपी चाचणी आहे : नाव बदलून बघावं. गेमच्या कंट्रोलरचा विनोद माउंटबॅटनच्या नावावर चढत नाही. तो त्या कंपनीच्या घमेंडीवरच आहे आणि तिला सोडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. असंच आपल्याकडेही झालं : २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्याच्या बरोबर पंधरा दिवस आधी अहमदाबादेत बुलेट ट्रेनचं भूमिपूजन झालं होतं. त्या दिवशी लोकलच्या डब्यातून जे कडवट टोमणे ऐकू आले ते सगळे या दोन तारखांमधून निघालेले होते, आणि मेलेल्यांकडे त्यांतल्या एकाचंही बोट नव्हतं. ‘मुंबई स्पिरिट’ हा शब्द तर आता मुंबईकर शिवीसारखाच वापरतात. उलट टायटनमध्ये एकोणीस वर्षांचा एक मुलगा बापासोबत बसला होता, आणि ‘श्रीमंत बुडाले’ या गटातले विनोद त्यालाही सरसकट लागले. त्याने ना कंपनी काढली होती, ना सुरक्षेची टिंगल केली होती.

टायटन बेपत्ता होण्याच्या चारच दिवस आधी, १४ जूनला, ग्रीसमधल्या पायलोसजवळ भूमध्य समुद्रात स्थलांतरितांनी खच्चून भरलेली मासेमारीची बोट उलटली. सुमारे साडेसातशे माणसं होती असा अंदाज, वाचली १०४. ग्रीसने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. बोटीत पाकिस्तानी मोठ्या संख्येने असल्यामुळे पाकिस्ताननेही एक दिवस पाळला. पण पडद्यावर उलटं घड्याळ नव्हतं, चेहरे नव्हते, आवडीनिवडी नव्हत्या. बराक ओबामांनी त्याच आठवड्यात अथेन्समध्ये या तफावतीवर बोट ठेवलं. त्यांनी न सांगितलेली दुसरी बाजू अशी की, टायटनवर विनोदांचा पाऊस पडला आणि त्या बोटीवर मला तरी एकही ऐकू आला नाही. हे सभ्यतेमुळे झालं असेल तर आनंद आहे, पण तसं नसावं. विनोद शोकाच्या गाजावाजावर वाढतो. जिथे गाजावाजाच नाही तिथे उसवायला शिवण कुठून आणायची?

गाजावाजावर नेम धरणाऱ्या विनोदाचा उत्तम नमुना डायनाच्याच आठवड्यातला आहे. ‘प्रायव्हेट आय’ या ब्रिटिश पाक्षिकाने मुखपृष्ठावर राजवाड्यासमोर जमलेल्या गर्दीचा फोटो छापला. गर्दीतला एक जण वर्तमानपत्रांना नावं ठेवतो. दुसरा म्हणतो, खरंय, मला एकही मिळालं नाही. तिसरा म्हणतो, माझं घे, यात गाडीचा फोटो आहे. पापाराझींना शिव्या देणारे लोकच त्यांनी काढलेले फोटो विकत घेत होते, एवढंच त्यात होतं. मृत बाईबद्दल वावगा शब्द नाही. तरी मोठ्या दुकानांनी तो अंक मांडणीवरून काढून टाकला. शोकात असलेली गर्दी मृताच्या अपमानापेक्षा स्वतःच्या अपमानावर जास्त चिडते.

ती किती चिडू शकते हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले, १८ तारखेला शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशीची गर्दी खरी होती, आणि त्यात ढसाढसा रडणारे म्हातारे शिवसैनिकही खरे होते. मुंबई कडकडीत बंद होती. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं की अशी माणसं रोज जन्मतात नि मरतात, त्यासाठी बंद कशाला. तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक दिला. विनोद नव्हताच तो, साधी कुरकुर होती. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या अटकेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ चा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. परक्याच्या सुतकात न बसण्याचा हक्क आपल्याला एका लाइकमुळे लेखी मिळाला, असं म्हणायला हरकत नाही.

इतकं सगळं विनोदाच्या बाजूने बोलून झाल्यावर त्याच्या वकिलांनी टाळलेली गोष्टही सांगायला हवी. अमेरिकी संशोधक व्हिटनी फिलिप्स यांनी २०१० च्या सुमारास फेसबुकवर मृतांच्या स्मरणार्थ उघडलेल्या पानांवर जाऊन विकृत विनोद टाकणाऱ्यांचा अभ्यास केला. त्या टोळक्यांचा बचाव ऐकायला जवळपास ओरिंगसारखाच होता : आम्ही मृताला हसत नाही, ज्यांची ओळखही नव्हती तरी गळे काढायला जमलेत त्या ‘दुःखपर्यटकां’ना हसतो. फक्त त्या पानावर मृताचे आईबापही होते. १९८६ मध्ये वसतिगृहातला विनोद तोंडातून कानात जायचा, आणि न्यू हॅम्पशायरमधल्या त्या शिक्षिकेच्या घरापर्यंत पोचायला त्याला वाट नव्हती. आता विनोद, बातमी, शाम्पू आणि मृताची आई, सगळे एकाच पडद्यावर. विनोदाची रचना तीच राहिली, ऐकू जाण्याचं अंतर तेवढं संपलं.

आपल्या रीतीभातींत हे अंतर मोजून ठेवलेलं होतं. स्मशानात अग्नी दिल्यावर कपाळमोक्षाची वाट बघत मंडळी बाकांवर बसतात. घरात बायका रडत असतात आणि इकडे अर्ध्या तासात गप्पा पाण्याची पाळी, ऊसदर, निवडणूक असं करत करत मयताकडे येतात. अण्णांनी पन्नास वर्षांत कुणाला स्वतःच्या खर्चाने चहा पाजला का, यावर मत मांडलं जातं, कुणीतरी म्हणतं की लाकडाचं बिल बघून अण्णा उठून बसतील, आणि बाक दबक्या आवाजात हसतो. तेवढ्यात अण्णांचा मुलगा मडकं फोडून ओल्या अंगाने जवळ आला की सगळे गप्प. हे गप्प होणं कुणी कुणाला शिकवलेलं नाही. बाकावरची माणसं अण्णांवर माया करणारी असतात, बहुतेकदा तिरडीला खांदा दिलेली असतात, आणि तरी मुलगा ऐकू येण्याच्या टप्प्यात आला की त्यांना ते कळतं.

व्हॉट्सअॅपवर हा बाक लोकांनी पुन्हा बांधलेला दिसतो. कुणी नट गेल्याची बातमी आली की सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर ‘ॐ शांती’, हात जोडलेले, पुन्हा ‘ॐ शांती’, मधेच टँकर उद्या सकाळी सातला येणार, आणि परत हात जोडलेले. तीच माणसं त्याच पाच मिनिटांत दुसऱ्या, चार-सहा जणांच्या ग्रुपवर असतात, जिथे सेक्रेटरी नाहीत, कुणाच्या सासूबाई नाहीत, आणि ग्रुपचं नाव सहसा शाळेतल्या कुणा मास्तरांच्या टोपणनावावरून ठेवलेलं असतं. विनोद तिथे पडतो. दोन्ही ठिकाणचं बोलणं खरं असतं, असं माझं मत आहे. ‘ॐ शांती’ लिहिणारा ढोंगी नसतो आणि विनोद करणारा निर्दय नसतो, कारण तो एकच माणूस आहे. अडचण होते ती अंगठा घसरला की. मग मोठ्या ग्रुपवर हात जोडलेल्यांच्या रांगेत मधेच ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशी एक करडी ओळ उरते, तिच्याखाली पुन्हा ‘ॐ शांती’ सुरू होतं, आणि रात्री लिफ्टमध्ये भेटल्यावर कुणीतरी हळूच विचारतं, काय होतं हो त्यात?